याकूबनं परत आणलेली माफी

माफ म्हणाले काय जाते, सांगा. तोंड उघडलं का शब्द बाहेर. आमच्या तांड्यात तं कोणाले पाय लागला तरी माफ, बकरी कोणाच्या वावरात शिरली तरी माफ. याकूब पिंजारी हजले जाचं म्हणून दारोदार फिरत आला, तवा मीनंबी तसंच म्हटलं. "माफ केलं, याकूबभाऊ, जाय सुखानं." हात पिठात होते माहे. मीनं वरतबी नाही पाह्यलं.

त्यांच्यात रीतच हाये तशी. हजले जाणारा माणूस ज्याच्या-ज्याच्याशी कधी बोलला-चालला, त्याच्या दारात जाते अन् म्हणते, कहासुना माफ करा. काही वाईट बोललो असन, कोणाचं मन दुखवलं असन, तं सोडून द्या. मंग तो मोकळ्या मनानं निघते. पांढरकवड्याच्या बाजारात याकूबचं गादी-रजईचं दुकान होतं. पण त्याच्याआधी कितीक साल तो कापूस पिंजाची धनुकली खांद्यावर टाकून तांड्या-तांड्यानं हिंडला. आमच्या घराघरात त्यानं भरलेल्या रजया. म्हणून आलता. आमच्या उत्तमसिंग नाईकानं त्याले गळ्याशी धरलं. बाया म्हणाल्या, आमच्यासाठी दुवा मांगजो रे भाऊ. सारे म्हणाले, माफ, माफ. काय रागावाचं त्याच्यावर? मान खाली घालून काम करणारा माणूस.

माह्या दारात तो जरा जास्त वेळ उभा राह्यला, एवढं आठवते. मले वाटलं चहाची वाट पाहून राह्यला. मीनं चुलीवर चहा ठेवला अन् वळून पाह्यलं, तं माणूस गेलता.

आता माहं सांगते. मी मानीबाई, फुलचंदची बायको. फुलचंदची बायको म्हटलं का आमच्या तांड्यात बाया तोंडाले पदर लावत, हसू दिसू नये म्हणून. काहून, तं माहा नवरा पळून गेलता.

कापूस वेचाचे दिवस होते. फुलचंद पांढरकवड्याले लाकडं टाकाले गेलता. माही पोट्टी लाली तवा दुधाचे दात पडाच्या वयाची. दिवस बुडता बुडता बैलं रिकामी गाडी घेऊन आपल्या पायानं घरी आले, गाडीत धनी नाही. वाटलं, बसला असन दारूच्या गुत्त्यावर. दुसऱ्या दिवशी साऱ्या तांड्यानं शोधलं. नाले पाह्यले, विहिरी पाह्यल्या, जंगल पाह्यलं. मंग कोणीतरी म्हणालं, फुलचंद आदिलाबादच्या बाजारात दिसला म्हणे. संगं एक बाई होती म्हणे. हैदराबादच्या ट्रकात बसून गेला म्हणे. म्हणे, म्हणे करत साऱ्याईनं माह्या नवऱ्याले एक नवी बायकोबी करून देली.

अन् मीबी ते खरं मानलं. कायले खोटं बोलू? फुलचंद होताच तसा. तोंडाले लगाम नाही, बाया दिसल्या का पागोटं नीट करणारा. मीनं त्याले रोज शिव्या देल्या. भाकर थापताना देल्या, पाणी भरताना देल्या. आमच्या बंजाऱ्यात नवरा हाये तवर बाईच्या दंडात चुडा असते, नवरा मेला का उतरवते. माहा तं मेला नाही, पळाला. मंग चुडा ठेवाचा का उतरवाचा? ठेवला. त्याच्यावरबी हसत मेल्या.

ते सारं मी सहन केलं. पण याकूब हजले निघाला त्याच साली लालीचं मुकुटबनकडच्या एका तांड्यात जमून राह्यलं होतं. पोरगा चांगला होता, लालीलेबी आवडला होता. अन् पोराचा बाप येऊन माह्या तोंडावर सांगून गेला, बाप पळालेल्याची पोट्टी आम्हाले नको. वर म्हणते कसा, "बाई, बाप मेला असता तं आमचं काही म्हणणं नव्हतं." लाली घरात गेली अन् कोपऱ्यात तोंड करून बसली. बोलत नाही, खात नाही. त्या दिवशी फुलचंद माह्या हाती लागला असता तं मीनंच त्याचा जीव घेतला असता.

होळी जवळ आलती. पळस फुलले होते. मी सकाळची जंगलाच्या कडेले मोहफुलं वेचत होती, एकटीच. तं याकूब पायी-पायी येताना दिसला.

मीनं म्हटलं, "काहो हाजीसाहेब, अजून इकडंच? मले वाटलं पोचले मक्केले."

तो हसला नाही. माह्या समोर खाली बसला अन् फुलं वेचून माह्या टोपलीत टाकू लागला. मंग म्हणाला, "मानीबाई, तुही माफी परत द्याले आलो."

"परत? ते काय उसनं पीठ हाये?"

"मीनं ती फसवून नेली. मौलवीसाहेबाले मी विचारलं. नाव नाही सांगतलं कोणाचं. नुसतं विचारलं, मीनं काय केलं हे ज्याले ठाऊकच नाही, तो माफ म्हणाला तं चालते का? ते म्हणाले, गुन्हा मोठा असन तं नाही चालत. आपण काय सोडून देऊन राह्यलो हे त्याले कळलं पाह्यजे." त्यानं हातातली फुलं खाली ठेवली. "फुलचंद पळाला नाही, मानीबाई. मीनं मारलं त्याले."

मी वेचतच राह्यली. खरं सांगते, हात थांबलेच नाही. डोक्यात पह्यले काय आलं असन? हेच आलं का, तो पळाला नाही. मले टाकून नाही गेला. एवढा आनंद झाला मले, की लाज वाटते सांगाले. अन् त्याच्या मागून दुसरं कळलं. मंग मीनं टोपली याकूबच्या तोंडावर मारली, अन् हातानं मारलं, अन् पायातला जोडा काढून मारलं. त्यानं हात वर केले नाही. बसून मार खाल्ला.

दमली तवा मीनं विचारलं, "काहून?"

त्यानं सांगतलं. त्या दिवशी तो पांढरकवड्याहून पायी निघालता, फुलचंदनं त्याले गाडीत घेतलं. दोघांची दोस्तीच होती. फुलचंद पिऊन होता. थट्टा करता करता त्यानं याकूबच्या बायकोचं, जैतूनबीचं नाव घेतलं. एकदा घेतलं, याकूब चूप बसला. फुलचंद हसत सुटला अन् जे बोलू नये ते बोलला. धनुकलीच्या तातीवर मारतात तो जड लाकडी गोटा याकूबच्या हाताशी होता.

"मारून टाकाचं नव्हतं मले," तो म्हणाला. "पण ज्या वेळी हात उचलला, त्या वेळी मरो साला, असंच मनात होतं. हे मी अल्लापासून लपवू शकत नाही, तं तुह्यापासून कायले लपवू?"

नाल्याच्या वरच्या अंगाले, सागाखाली त्यानं फुलचंदले पुरलं. त्याच्या धर्मातलं काही येत होतं ते म्हटलं, अन् बैलाईले गाडीसुद्धा घराकडं हाकलून देलं.

"जाळाचं माणूस तूनं पुरलं," मी म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

मले एकेक आठवत गेलं. हा माणूस दर हिवाळ्यात आमच्याकडं येत होता. माह्या ओसरीत बसून कापूस पिंजत होता, माह्या हातचा चहा पित होता. लालीले त्यानं रजई करून देली, लहान, फुलाफुलाची. मी त्याच्यापाशी फुलचंदच्या नावानं बोटं मोडत होती अन् हा मान खाली घालून ऐकत होता. एकदा तं मले म्हणालाबी होता, "नको शिव्या देऊ, मानीबाई." मले वाटलं, काय भला माणूस हाये.

"आता काहून आला?" मीनं विचारलं. "इतके साल चूप बसला, तं आता मक्केले जाऊन धुऊन टाक. कायले माह्या पोटात कालवतं?"

"नाही धुतल्या जात," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "नमाज चुकली, रोजा चुकला, तो अल्लाचा हक्क. अल्ला रहेम करते. पण माणसाचा हक्क माणसापाशी राहते, बाई. तिथं हजबी कामी येत नाही. अन् खून तं आमच्यात शिर्काच्या खालोखालचा गुन्हा, अल्लासंगं दुसऱ्याले बसवलं त्याच्या खालोखाल. काही आलिम, लय शिकलेले मौलवी, म्हणतात, जाणून मारणाऱ्याची तौबा कबूल नाही होत. काही म्हणतात होते, मनापासून असली तं होते. मी एवढे साल त्या दोघांच्या मधात लटकून हाये. कयामतच्या दिवशी फुलचंद येईन, माही गचांडी धरून. अल्लाले म्हणन, विचार याले, काहून मारलं मले. मी काय सांगू, मानीबाई? हासला म्हणून मारलं?"

"मंग त्याच्यापाशीच मांग माफी, तवा."

"त्याचा हक्क त्याच्यापाशी. पण वारिसाचाबी हक्क हाये, तो तुहा. तू सजा मांग नाहीतं माफ कर. जे म्हणशीन ते."

मी उठली. मले वाटलं, तांड्यात पळत जाव अन् बोंबलून सांगाव. पण मी सांगतलं असतं तं काय झालं असतं? म्हणाले असते, पाहा, नवऱ्याचं नाव धुवाले मानी आता हाजी माणसावर खून घालते. पुराव्याले काय, तं नवऱ्याची वाट पाहून येडी झालेली बाई. हे त्याच्याच तोंडून निघालं पाह्यजे होतं. अन् लोकाईत निघालं पाह्यजे होतं.

मीनं म्हटलं, "माफी पाह्यजे नं? तं तू जाशीन त्या दिवशी मोटर स्टँडवर सारा गाव येईन. तिथं सांग. फुलचंद पळाला नाही, मी मारला, असं साऱ्याईपुढं सांग. मंग देते माफी."

तो माह्याकडं पाहतच राह्यला. "पोलीस नेतील मले तिथूनच. हज राहून जाईन. फाशीबी होईन. जैतूनचं काय?"

"माहं काय झालं, ते बसून पाह्यलं नं तूनं?"

तो म्हणाला, "सांगतलं तं नक्की माफ करशीन? मनापासून?"

"करीन. लालीची शपथ."

शपथ घेताना मले पक्कं वाटत होतं, हा सांगणार नाही. कोण सांगते? अन् हेबी खरं, का सांगतलं तं मी माफ करीन, हेबी तितकंच पक्कं वाटत होतं. लालीच्या शपथा मी उगाच घेत नाही.

तो जाणार होता त्या दिवशी मी उत्तमसिंग नाईकाच्या गाडीत बसून पांढरकवड्याले गेली. नाईक तांड्याकडून हार घेऊन निघालते. म्हणाले, "मानी, तुले कायचं काम हाये तिथं?" मीनं म्हटलं, "हाजी माणसाचे पाय पाहाले चालली." मनात म्हटलं, मुर्दा पाहाले चालली.

मोटर स्टँडवर पाय ठेवाले जागा नव्हती. मोटर यवतमाळले जाणार होती, तिथून पुढं रेल्वेनं मुंबई अन् मंग जहाज. याकूबच्या गळ्यात इतके हार का हनवटी दिसत नव्हती. कोणी अत्तर लावून राह्यलं होतं, कोणी हाताचे मुके घेऊन राह्यलं होतं. मौलवीसाहेब बाजूले उभे होते. जैतूनबी बायाईत उभी राहून डोये पुसत होती, खुशीनं. मले पाहून तिनं हात धरला अन् म्हणाली, "मानी, तूबी आली? लय बरं केलं वं." धरतीनं मले गिळून टाकाव, असं झालं. तिचा काय दोष होता?

याकूब मोटरच्या पायरीवर चढला अन् त्यानं मले पाह्यलं. लोकाईच्या डोक्यावरून सरळ माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं, आता वळते अन् आत जाऊन बसते. मी तं परत फिराच्या तयारीतच होती.

त्यानं हात जोडले. मोठ्यानं म्हणाला, "भाऊ हो, माह्या हातून गुन्हा झाला. लय मोठा गुन्हा. मी खुनी हावो. तांड्याचा फुलचंद पळून नाही गेला. मीनं मारलं त्याले. मले माफ करा."

अन् काय झालं सांगू? सारे रडाले लागले. म्हणजे लोक रडत होतेच, ते आखीन रडाले लागले. हजले जाताना माणसं असंच बोलतात म्हणे, मी पापी, मी गुन्हेगार, मी मातीत मिळाच्या लायकीचा. कोणी त्याचा एक शब्द धड ऐकला नाही. एक म्हातारा छाती पिटून म्हणाला, "आम्हीबी गुन्हेगारच हावो बाबा!" चारी बाजूनं एकच आवाज उठला, "माफ! माफ! अल्ला माफ करे!" आमचे उत्तमसिंग नाईक, ते कानानं जरा कमीच, तेबी डोये पुसत ओरडले, "माफ रे भाऊ, माफ!"

माह्या नवऱ्याचा खून त्या स्टँडवर साऱ्या गावानं माफ करून टाकला. हसत, रडत, हार घालत. अन् ड्रायव्हर भोंगा वाजवून राह्यला.

याकूब मोठ्यानं म्हणत होता, "ऐका, मी खरंच सांगून राह्यलो." मौलवीसाहेब त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "बस करा हाजीसाहेब, अल्लानं ऐकलं." तो तसाच उभा, अन् पुन्हा माह्याकडं पाहून राह्यला. मले कळलं. त्यानं आपल्याकडून सांगतलं होतं. मी चूप बसली असती तं तो मोटरीत बसला असता, हाजी होऊन आला असता, अन् कोणाले काही कळलं नसतं. त्याच्याकडून वायदा पुरा झालता. आता माह्यावर होतं.

मी घुसली. बायाईतून, माणसाईतून, कोपरं मारत घुसली अन् मोटरपाशी जाऊन ओरडली, "चूप बसा सारे! कोणी माफ म्हणू नका! तो खरं बोलून राह्यला. त्यानं माह्या नवऱ्याले मारलं, नाल्यापाशी सागाखाली पुरलं. माफ म्हणणारे तुम्ही कोण? ते माहं हाये!"

तवा सारे चूप झाले. एवढी गर्दी, पण ड्रायव्हरचा भोंगाबी थांबला. जैतूनबीनं माह्याकडं पाह्यलं, मंग त्याच्याकडं. तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी सांगू शकत नाही. मौलवीसाहेबाचा हात त्याच्या पाठीवरून खाली आला.

याकूबनं गळ्यातले हार काढले. पायरीवरून उतरला. स्टँडवरचा शिपाई पुढं आला होता, पण त्याले हात लावाची हिंमत होत नव्हती. याकूब माह्यापुढं येऊन उभा राह्यला. लोकाईदेखत. तोंडावर भीती नव्हती त्याच्या, आशा होती.

"बहीन," तो म्हणाला, "आता?"

मीनं तोंड उघडलं. मी लालीची शपथ घेतली होती. त्यानं आपलं घर, आपली बायको, आपली हज, सारं तिथं मातीत टाकलं होतं माह्या एका शब्दासाठी. मले द्याचाच होता तो शब्द. मी घसा खाकरला. जीभ हलवली. अन् मले फुलचंद हसताना दिसला, गाडीवर बसलेला, दारू पेलेला, मूर्ख. शब्द नाही आला.

याकूबनं वाट पाह्यली. शिपायानंबी पाह्यली. मंग तो माणूस मान हलवून, जसं काही त्याले समजलंच, असा शिपायासंगं ठाण्याच्या वाटेनं आपल्या पायानं निघून गेला.

पुढचं तुम्हाले माहीत हाये. सागाखाली हाडं निघाली, आम्ही ती जाळली. माहा चुडा उतरवला. ज्या बाया हसत होत्या, त्याच गळ्यात पडून रडल्या. कोर्टात याकूबनं एक शब्द फिरवला नाही. फाशी नाही झाली, जन्मठेप झाली, नागपूरच्या जेलात हाये. लालीचं लग्न झालं, त्याच मुकुटबनकडच्या घरी. म्हणजे मले जे पाह्यजे होतं ते सारं मिळालं.

मौलवीसाहेब एकदा माह्या घरी आले. बसले, पाणी पेले. हळूच म्हणाले, "मानीबाई, मनाले लावून नका घेऊ. तुम्ही नाही म्हटलं तरी अल्लाचा रहेम मोठा हाये. कयामतच्या दिवशी अल्ला फुलचंदले आपल्याकडून इतकं देईन, का फुलचंद आपण होऊन याकूबची गचांडी सोडून देईन. असं आमचे बुजुर्ग सांगतात."

मले असा राग आला! मीनं म्हटलं, "अल्लाले माह्यावाचून जमत होतं, तं हे माह्या दारात कायले आणून टाकलं?" ते पाण्याचा गिलास खाली ठेवून उठले.

जैतूनबी बाजारात भेटते. दुकान आता तीच चालवते. ती बोलत नाही, मी बोलत नाही. पण जेलात त्याले भेटून आली का माह्याकडं असं पाहते, जसं काही तिले त्यानं विचाराले लावलं असन, अन् तिच्यानं विचारल्या जात नसन.

वावरात एकटी असली का मी म्हणून पाहते. मोठ्यानं म्हणते, माफ केलं. निघते तोंडातून, चांगलं स्पष्ट निघते. मंग मी नाव घेऊन म्हणाले जाते, माफ केलं, याकूब. दर वेळी तिथंच अडते. लालीची शपथ अजून माह्या डोक्यावर हाये, अन् तिले यंदा दिवस गेले हाये.